वाणीचें पुनरुत्थान

(महोत्सवाच्या सभेंत धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा हा मंगल दिवस आहे. माझ्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं आपल्या वाडवडिलांची श्रद्धा, मिशनरी धर्मगुरूंचे कष्ट आणि हें देवालय उभारतांना आपण सर्वांनीं सोसलेली तोशीस यांचें यथायोग्य वर्णन केलें. तें ऐकून माझें अंतःकरण कृतज्ञतेनें भरून आलें. आतां दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. देवालयाच्या भिंती, घंटा व वेदी यांचें गुणवर्णन पुरेसें झालें आहे. या भिंतींच्या आंत वर्षानुवर्षें ऐकूं येणारा, मध्यंतरीं बंद पडलेला आणि देवकृपेनें पुन्हां ऐकूं येऊं लागलेला एक आवाज आहे; त्याविषयीं मला बोलावयाचें आहे.

ज्यांचा तो आवाज, ते गृहस्थ आज या मंडपांत बसले आहेत. त्यांचें नांव मी घेत नाहीं. परंतु त्यांची हकीकत सांगण्यास त्यांची अनुमति आहे. किंबहुना, "फादर, ही गोष्ट सांगाच, एखाद्याच्या तरी उपयोगीं पडेल," असें त्यांनींच मला बजावलें आहे.

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत आपलीं कुटुंबें विखुरलेलीं आहेत. कोणी कुकडीच्या कांठीं, कोणी घोड नदीच्या कांठीं, तर कोणी डोंगराच्या कुशींत. इतक्या लांबून येऊनही रविवारीं वेळेच्या आधीं जे देवालयांत हजर असत, त्यांत हे गृहस्थ एक. पवित्र मिस्सेंतील पहिलें वाचन त्यांनींच करावयाचें, असा जणूं पायंडा पडला होता. ऑक्टोबर महिन्यांत वाडीवर जपमाळ चाले, तेव्हां पुढें सांगणारेही तेच. दिवसभर कांद्याच्या वाफ्यांत राबलेला हा माणूस संध्याकाळीं अंगणांत उभा राहून खणखणीत आवाजांत प्रार्थना सांगे, आणि पलीकडच्या वस्तीवरचीं मुलें तो आवाज ऐकून धांवत येत. मात्र तरुणपणापासून कमरेला तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी असे. ती डबी मीही अनेकदां पाहिली होती. त्याबद्दल मीं कधीं शब्द काढला नाहीं, हें आज मला सांगितलें पाहिजे.

एके वर्षीं त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला लहानसा फोड आला. उष्णतेनें आला असेल म्हणून त्यांनीं गुलकंद खाल्ला. पुढें आमटीचा घांस झोंबूं लागला, त्याच बाजूचा कान ठणकूं लागला. तीन महिने असेच गेले. शेवटीं डॉक्टरांनीं त्या जखमेचा बारीकसा तुकडा काढून तपासावयास पाठविला आणि कर्करोगाचें निदान झालें. मुंबईस शस्त्रक्रिया झाली. जिभेचा जवळजवळ अर्धा भाग आणि मानेंतील गांठी काढाव्या लागल्या. मनगट व कोपर यांच्या मधली त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह उचलून शल्यवैद्यांनीं ती गेलेल्या भागाच्या जागीं शिवली, आणि त्या बारीक रक्तवाहिन्या मानेंतील रक्तवाहिन्यांना जोडल्या. कांहीं दिवस श्वासासाठीं गळ्याला छिद्र होतें व अन्नासाठीं नाकांतून नळी होती. गळ्यांतील त्या नळीवाटे श्वास चालला असतां हवा स्वरयंत्रांतून जात नाहीं. म्हणून त्या दिवसांत रोगी अगदीं निःशब्द असतो. पुढें सहा आठवडे किरणोपचार झाले. रोग गेला, प्राण वांचला. परंतु खणखणीत आवाजाचा माणूस मुका होऊन घरीं परतला.

बंधुभगिनींनो, हा रोग कोणाचा शाप नव्हे, करणी नव्हे, आणि एका ताटांत जेवल्यानें दुसऱ्याला जडणारा तर मुळींच नव्हे. आपल्या देशांतील पुरुषांमध्यें तोंडाचा कर्करोग सर्व कर्करोगांत अग्रभागीं आहे, आणि त्याचें मुख्य कारण आपल्या खिशांत व आपल्या चुलीपाशीं आहे. तंबाखू, गुटखा, मावा हीं पुरुषांचीं व्यसनें. आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी हें आमच्या मायबहिणींचें व्यसन. दांत घासण्याच्या निमित्तानें सकाळीं एकदां लावलेली मशेरी दिवसांतून चार वेळां केव्हां लागूं लागते, हें त्यांचें त्यांनाही कळत नाहीं. २०१६-१७ सालीं झालेल्या पाहणींत महाराष्ट्रांतील दर शंभर प्रौढांपैकीं सुमारें २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेत असल्याचें आढळलें, आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू चघळण्याची वा घासण्याची होती. सरकारनें २०१२ सालीं राज्यांत गुटख्यावर बंदी घातली. परंतु मनानें बंदी घातल्यावांचून सरकारची बंदी अपुरीच राहते. राज्याचे गृहमंत्री राहिलेले श्री. आर. आर. पाटील यांच्यासारखा लोकप्रिय पुढारी १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं याच रोगानें आपल्यांतून गेला.

आतां वाणीचा विचार करूं. शाळेंत आपण क, ख, ग, घ पाठ केलें, तेव्हां त्या क्रमांत काय दडलें आहे याकडे कोणाचें लक्ष गेलें नसेल. हा क्रम मुखाच्या आंतून बाहेर येणारा आहे. क-वर्ग घशाजवळ जिभेच्या मुळाशीं, च-वर्ग टाळूशीं, ट-वर्ग जिभेचें टोंक वर वळवून, त-वर्ग जिभेचें टोंक दांतांना लावून, आणि प-वर्ग ओठ मिटून उच्चारला जातो. म्हणजे आपली वर्णमाला हा मुखाचा नकाशाच आहे. शस्त्रक्रिया या नकाशांतील कोणत्या स्थळीं झाली, त्यावरून कोणतीं अक्षरें रुसणार हें ठरतें. ओठाचा भाग गेला तर प, ब, म अडतात. टाळूला भोंक पडलें तर सारें बोलणें नाकांतून येऊं लागतें. जिभेचा पुढचा भाग गेला तर त, द, ट, ड, ल, र, स आणि आपल्या मराठीचा लाडका ळ हीं अक्षरें बिघडतात. आमच्या या बंधूंच्या मुखांतून 'बाबा' हा शब्द स्पष्ट निघे. परंतु 'तुळस' हा शब्द कांहीं केल्या निघत नसे. 'नमो मारिया' म्हणतांना 'म' तेवढा उमटे आणि 'र' कोठें तरी विरघळून जाई. 'जपमाळ' या शब्दाशीं तर त्यांचें वैरच जडलें.

अक्षरें अशीं बिघडलीं म्हणजे माणसाचें जगही आक्रसतें. एकदां ते बाजारांत दुकानावर गेले आणि त्यांचें अडखळतें बोलणें ऐकून दुकानदारानें विचारलें, "सकाळींच घेऊन आलास काय?" ज्यानें जन्मांत दारूला स्पर्श केला नाहीं, त्याला हा प्रश्न! त्या दिवसापासून त्यांनीं बाजार सोडला. फोन वाजला तर ते पत्नीच्या हातीं देऊं लागले. ओठांच्या कोपऱ्यांतून लाळ येते म्हणून तोंडावर उपरणें धरूं लागले. भाकरी दुधांत कुस्करून खावी लागते, ती कोणी पाहूं नये म्हणून लग्नकार्यास जाणें त्यांनीं बंद केलें. पवित्र मिस्सेला आलेच, तर शेवटच्या बांकावर, खांबाच्या आड.

आणि आतां मला माझा अपराध सांगावयाचा आहे.

मी त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं कांहीं बोलावयास आरंभ केला. मला तें समजेना. मीं दोनदां "काय, काय?" केलें आणि मग हंसून म्हणालों, "असूं द्या, श्रम घेऊं नका. बाई, तुम्हीच सांगा." त्यांच्या पत्नीनें सांगितलें, मीं ऐकलें, प्रार्थना केली आणि परत आलों. शिवाय, त्यांना त्रास नको म्हणून रविवारचें वाचन मीं एका तरुणाकडे सोंपविलें. या दोन्ही गोष्टी मीं दयाबुद्धीनेंच केल्या, असें मला वाटत होतें. पुढच्या खेपेस मी गेलों तेव्हां त्यांनीं नातवाची पाटी मागून घेतली, तिच्यावर एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढें धरली. ओळ अशी होती: "माझें वाचन कोणाला दिलें?"

संत योहान बाप्तिस्ताचा पिता जखऱ्या मुका झाला होता, आणि त्यानें पाटी मागून तिच्यावर आपल्या पुत्राचें नांव लिहिलें, ही कथा आपणांस ठाऊक आहे. त्या पाटीनंतर त्याची वाणी मोकळी झाली. आमच्या बंधूंच्या पाटीनें आधीं माझे डोळे उघडले. शल्यवैद्यांनीं त्यांची अर्धी जीभ काढली होती ती प्राण वांचविण्यासाठीं. उरलेली अर्धी मीं काढून घेतली होती, आणि तीही कारणावांचून.

त्या रात्रीं मीं संत मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडला. बहिऱ्या व बोबड्या माणसाला लोक प्रभु येशूकडे आणतात तो प्रसंग मीं आजवर कितीदां तरी वाचला असेन. त्या रात्रीं मला त्यांत दोन गोष्टी नव्यानें दिसल्या. पहिली अशी कीं, प्रभूनें त्या माणसाला गर्दींतून बाजूला नेलें. ज्याची वाणी अडखळते त्याला चारचौघांत तमाशा नको असतो, हें प्रभु जाणत होता. दुसरी गोष्ट अशी कीं, प्रभूनें बोटें आधीं कानांत घातलीं आणि मग जिभेला स्पर्श केला. 'एफ्फाथा', म्हणजे मोकळा हो, हा शब्द त्यानें कान व जीभ या दोहोंसाठीं उच्चारला. स्नानसंस्काराच्या विधींत धर्मगुरु बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करून प्रार्थना करितो. त्या विधीला आजही तेंच नांव आहे. बोलणाऱ्याची जीभ आणि ऐकणाऱ्याचा कान हीं दोन्ही मोकळीं झालीं, म्हणजेच वाणी पुरी होते. आमच्या धर्मग्रामांत एक जीभ दुखावली होती हें खरें. परंतु कान किती बंद होते, याची गणना कोणीं केली होती?

मग आम्हीं काय केलें तें सांगतों. कारण या प्रसंगांतून जाणाऱ्या इतर कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम आम्ही वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे गेलों. तोंडावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला बोलण्याचें व गिळण्याचें पुन्हां शिक्षण देणें, हें एक स्वतंत्र शास्त्र आहे. म्हैसूर येथें १९६५ सालीं आणि मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय संस्थांतून असे तज्ज्ञ तयार होतात. कर्करोगासाठीं परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय तर सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या भागापासून पुणें नव्वद-पंचाण्णव किलोमीटर आणि मुंबई त्याहून लांब, म्हणून वारंवार जाणें होत नाहीं. परंतु एकदां धडा घेतला, तर अभ्यास घरीं करतां येतो.

आरशासमोर बसून जीभ पुढें, डावीकडे, उजवीकडे व वर टाळूकडे न्यावयाची, तेथें पांच अंक मोजेपर्यंत धरावयाची. असें दिवसांतून अनेक वेळां. किरणोपचारानंतर जबडा आखडतो, त्यासाठीं आइस्क्रीमच्या लांकडी काड्या एकीवर एक ठेवून दांतांमध्यें धरावयाच्या आणि कांहीं दिवसांनीं एकेक काडी वाढवावयाची. मानेंतील गांठी काढल्यानें खांदा दुखतो व हात वर जात नाहीं, त्याचाही व्यायाम निराळा. लाळ आटल्यामुळें पाण्याची बाटली सदैव जवळ हवी. बोलण्याचा अभ्यास मुलाप्रमाणें प्रारंभापासून: आधीं अक्षर, मग जोडाक्षर, मग शब्द, मग लहान वाक्य. सावकाश बोलावें, ओठ नेहमींपेक्षां अधिक हलवावे, आणि मोठें वाक्य तोडून दोन करावीं. कांहीं रोग्यांना दंतवैद्य टाळूला बसणारी एक पट्टी करून देतात; तिच्यामुळें टाळू खालीं येतो आणि उरलेली आंखूड जीभ त्याच्यापर्यंत पोहोंचते. टाळूला भोंक असेल तर तें झांकणारीही पट्टी असते. मात्र यांतील कोणती गोष्ट केव्हां सुरू करावी, हें आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून ठरवूं नये. शिवलेली जखम भरण्याआधीं घाई केली तर अपाय होतो. खर्चाच्या चिंतेनें कोणी घरीं बसूं नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगावरील उपचारांचा अंतर्भाव आहे, त्याची चौकशी करावी.

आणि एक गोष्ट आम्हीं आमची म्हणून केली. दर शनिवारीं दुपारीं देवालय रिकामें असतांना ते गृहस्थ येत. ते वाचनाच्या जागीं उभे राहत, मी अगदीं शेवटच्या बांकावर बसें. ते वाचीत. जो शब्द मला पोहोंचला नाहीं तेथें मीं केवळ हात वर करावयाचा. शब्द मीं सुचवावयाचा नाहीं, वाक्य मीं पुरें करावयाचें नाहीं, असा आमचा करार होता. पहिल्या शनिवारीं माझा हात खालीं आलाच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. ते रागावले, पुस्तक मिटून निघून गेले. पुढच्या शनिवारीं पुन्हां आले. पावसाळा गेला, कांदा लागला, कांदा निघाला. शनिवार चुकला नाहीं. माझा हात हळूंहळूं कमी वेळां वर जाऊं लागला. त्यांची जीभ सुधारली हें तर खरेंच. परंतु माझा कानही सुधारला होता. त्यांचा नवा 'ळ' कसा असतो हें मला कळूं लागलें. दुसऱ्या कोणाला तो 'य' वाटेल. मला तो 'ळ'च ऐकूं येतो.

या कामीं धीर देण्यासाठीं मीं त्यांना आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण सांगितलें. राजकारणाचा येथें कांहीं संबंध नाहीं. बारामतीचे श्री. शरद पवार यांना २००४ सालीं, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमींत, तोंडाचा कर्करोग असल्याचें कळलें. शस्त्रक्रिया झाली. एका डॉक्टरनें, कांहीं महत्त्वाचीं कामें असतील तर उरकून घ्या, सहा महिनेच हातीं आहेत, असें त्यांना सांगितलें होतें. त्याच वर्षीं ते केंद्रांत कृषिमंत्री झाले. किरणोपचाराच्या ३६ खेपा झाल्या; दुपारपर्यंत मंत्रालयाचें काम आणि मग उपचार, असा क्रम त्यांनीं ठेवला, आणि वेदना इतक्या असत कीं घरीं जाऊन निजून राहावें लागे, असें त्यांनींच जाहीरपणें सांगितलें आहे. दांत काढावे लागले, तोंड पूर्वीसारखें उघडत नाहीं, बोलतांना व गिळतांना त्रास होतो, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. सुपारी-तंबाखूच्या संवयीचा दोष स्वतःकडे घेऊन त्यांनीं तरुणांना सावध केलें. १८ ऑक्टोबर २०१९ रोजीं सातारा येथें, वयाच्या ७८ व्या वर्षीं, भर पावसांत उभे राहून त्यांनीं केलेलें भाषण सर्व महाराष्ट्रानें पाहिलें. शस्त्रक्रियेनंतर पंधरा वर्षांनीं, त्याच दुखावलेल्या मुखानें! त्यांचा पक्ष आपला असो वा नसो, हा धीर आपण घेण्याजोगा आहे.

दुसरें उदाहरण परदेशचें. व्हिएन्ना येथील मनोवैद्य सिग्मंड फ्रॉइड यांचीं धर्माविषयींचीं मतें आपल्याला मान्य नाहींत; परंतु दुःख सोसण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. १९२३ सालीं त्यांच्या वरच्या जबड्यावर व टाळूवर शस्त्रक्रिया झाली. पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया त्यांनीं सोसल्या. टाळूच्या जागीं मोठी बोजड पट्टी बसवावी लागे, आणि ती नीट बसली नाहीं तर बोलणें व जेवणें दोन्ही अशक्य होई. १९३० सालीं त्यांना जर्मनींत गटे पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांचें भाषण त्यांची कन्या ॲना हिनें तेथें जाऊन वाचलें. मोशेची जीभ जड होती म्हणून देवानें त्याला अहरोन दिला, त्याची येथें आठवण होते. परंतु ध्यानांत घ्या कीं, अहरोनानें मोशेचे शब्द सांगितले; मोशेच्या ऐवजीं आपले सांगितले नाहींत. ७ डिसेंबर १९३८ रोजीं लंडन येथें, मरणापूर्वीं वर्षभराच्या आंत, फ्रॉइड यांनीं स्वतःच्या अडखळत्या आवाजांत रेडिओसाठीं लहानसें निवेदन केलें; तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. दुःखाची गोष्ट एवढीच कीं, इतकें सोसूनही त्यांना चिरूट सोडवला नाहीं. व्यसनाची पकड किती घट्ट असते, याचें हें उदाहरण.

बंधुभगिनींनो, आपल्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, आकाशाकडे तोंड केलेल्या त्या प्रचंड थाळ्या आपण येतांजातां पाहतों. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० थाळ्या, त्यांतील १४ खोडदच्या परिसरांत एकवटलेल्या आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. ही दुर्बीण पाहत नाहीं, ऐकते. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेली, अत्यंत क्षीण झालेली लहर तिला टिपावयाची असते. म्हणून ३० थाळ्या एकत्र लक्ष लावतात आणि आसपासचा विद्युत्-लहरींचा गोंगाट कमी राहावा म्हणून जपावें लागतें. ताऱ्यांचा क्षीण आवाज ऐकण्यासाठीं विद्वान मंडळी आपल्या गांवीं येऊन इतके कष्ट करतात, तर शेजारच्या घरांतील माणसाचा क्षीण आवाज ऐकण्यासाठीं आपण गोंगाट थांबवूं नये काय?

म्हणून माझें आपणांस सांगणें आहे. असा रोगी आपल्या घरीं असेल, तर त्याच्याशीं बोलतांना दूरदर्शन बंद करा, समोर बसा, त्याच्या मुखाकडे पाहा. नाहीं समजलें तर, "पुन्हां सांगा," असें मोकळेपणानें म्हणा; समजल्याचें सोंग करूं नका, कारण तें त्याला तत्काळ ओळखूं येतें. त्याचें वाक्य तुम्हीं पुरें करूं नका. मायबहिणींनो, नवऱ्यासाठीं बोलण्याची घाई करूं नका; त्याच्याशेजारीं उभ्या राहा आणि त्याला बोलूं द्या. लग्नकार्यास त्याला बोलवा आणि त्याच्या पानांत मऊ भात वाढा. त्याबद्दल बोभाटा नको. कोरडा पवित्र ओस्ती गिळतां येत नाहीं म्हणून कोणी ख्रिस्तप्रसादापासून दूर राहूं नये; अशा आजाऱ्याला ख्रिस्तसभा केवळ द्राक्षारसाच्या रूपांतही ख्रिस्तप्रसाद देते. मला येऊन सांगा, नाहीं तर पाटीवर लिहून दाखवा. आतां मला पाटी वाचतां येते.

ज्यांची वाणी सर्व प्रयत्न करूनही परत येत नाहीं, असेही रोगी असतात. त्यांना मी खोटी आशा देणार नाहीं. त्यांच्यासाठीं पाटी आहे, मोबाइल आहे, हातांच्या खुणा आहेत. आणि शब्दावांचून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो. मात्र त्यांच्याविषयींचें आपलें कर्तव्य कमी होत नाहीं, तें वाढतें.

आणि ज्यांचें मुख अद्याप निरोगी आहे त्यांना विनंति. ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणादिवशीं, दोन मेणबत्त्या गळ्याशीं धरून मी आपणांस आशीर्वाद देतों. दुसऱ्याच दिवशीं, ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोगदिन असतो. एका दिवशीं गळ्यावर आशीर्वाद घ्यावयाचा आणि घरीं जाऊन गालांत तंबाखूची गोळी ठेवावयाची, हें शोभत नाहीं. आरशांत तोंड उघडून पाहा. पांढरा वा तांबडा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट झोंबणें, किंवा उघडलेल्या तोंडांत आपलीं तीन बोटें उभीं न मावणें, यांपैकीं कांहीं आढळलें तर गुलकंद खात बसूं नका, डॉक्टरांकडे जा. लवकर कळलेला रोग बरा होतो, आणि वाणीही पुष्कळशी वांचते. पूर्वीं चंची पाहून मी गप्प बसलों. आतां बसणार नाहीं.

शेवटीं एकच. आज सकाळच्या महोत्सवी मिस्सेनंतर आपल्यापैकीं दोघांतिघांनीं मला विचारलें, "फादर, पहिलें वाचन कोणीं केलें? आवाज ओळखीचा वाटला, पण कांहीं निराळाही वाटला." वाचन कोणीं केलें तें आतां आपणांस समजलें असेल. वाचतांना ते एका शब्दापाशीं थांबले. मंडपांत एक मूल हंसलें. त्यांनीं मान वर केली, पाण्याचा घोट घेतला, तो शब्द पुन्हां उच्चारला आणि पुढें वाचीत गेले. मी वेदीपाशीं बसलों होतों. संवयीनें माझा हात वर जाणार होता, परंतु त्याची आवश्यकता पडली नाहीं.

परमेश्वर त्यांना दीर्घायुष्य देवो, आपल्या सर्वांचे कान उघडे ठेवो, आणि या धर्मग्रामांत कोणाचीही वाणी एकटी न पडो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा आशीर्वाद आपणां सर्वांवर राहो. आमेन.